डिलिव्हरीच्या इंग्लिश मेसेजमध्ये 'पर्यंत'ला नक्की काय लिहायचं? टिल की बाय?

फराळघर_इंदिरानगर

नमस्कार मंडळी, जरा लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज. मी आणि माझ्या जाऊबाई नाशिकला इंदिरानगरमध्ये घरूनच फराळ करून विकतो, चकली, कडबोळी, अनारसे, शेव, आणि बाकी वर्षभर काळा मसाला, भाजणी, उन्हाळ्यात कुरडया पापड. आधी सगळी गिऱ्हाइकं नाशिक पुण्याचीच होती, मराठीत मेसेज टाकला की काम व्हायचं. दोनेक वर्षांपासून बंगळूर, हैदराबाद, कोलकात्याला पण पार्सलं जायला लागलीत, तिथले बरेच जण मराठी नाहीत, म्हणून इंग्लिशमध्ये लिहावं लागतं. मी मराठी मीडियमची. वाचलेलं सगळं कळतं, पण लिहायला बसलं की डोक्यात मराठी वाक्य येतं आणि मी त्याचंच इंग्लिश करते.

गेल्या दिवाळीला बंगळूरच्या एका ताईंना मी असं पाठवलं होतं, "युवर पार्सल विल बी डिलिव्हर्ड टिल फ्रायडे. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक फॉर द सेम." मला म्हणायचं होतं की शुक्रवारपर्यंत पार्सल मिळेल, घरी कोणीतरी थांबा आणि मिळालं की कळवा. त्यांना वाटलं शुक्रवारपर्यंत डिलिव्हरी चालू आहे आणि नंतर बंद होणार, आणि नीडफुल म्हणजे पैसे द्यायचे राहिलेत की काय. त्यांनी दुपारी विचारलं पण होतं, व्हॉट शुड आय डू म्हणून, पण तेव्हा आम्ही दोघी चकल्या पाडत होतो, मेसेज बघितला रात्री. तोवर त्या गावाला निघून गेल्या होत्या. पार्सल शुक्रवारी गेलं, दाराला कुलूप, आणि फिरून फिरून अकरा दिवसांनी नाशिकला परत आलं तेव्हा चकलीचा नुसता भुगा झाला होता. पैसे आम्ही लगेच परत केले, पण त्यांच्या घरी त्या दिवाळीला फराळ नव्हता हे माझ्या मनातून जात नाही.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणून मेसेज आत्तापासूनच नीट तयार करून ठेवायचेत. मराठीत माझं वाक्य असं आहे, "२५ ऑक्टोबरपर्यंत ऑर्डर घेऊ आणि ५ नोव्हेंबरपर्यंत फराळ तुमच्या घरी पोचेल." दोन्हीकडे पर्यंत आहे. मी दोन्हीकडे टिल टाकलं तर जाऊबाई म्हणाल्या ऐकायला कायतरी चुकतंय. काय चुकतंय ते आम्हाला दोघींनाही सांगता येईना. कोणी नीट समजावून सांगेल का?

इंग्लिश_कॉलेजरोड

ताई, जाऊबाईंचा कान बरोबर आहे. मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्लिश शिकवलं आणि ही एक चूक बहुतेक सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केली असेल, आणि त्यात मुलांचा दोष नसतो. आपला 'पर्यंत' एकटाच दोन कामं करतो. 'दुकान शुक्रवारपर्यंत उघडं आहे' आणि 'पार्सल शुक्रवारपर्यंत येईल', मराठीत दोन्ही बरोबर आणि कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण काय म्हणायचंय ते आपल्याला क्रियापदावरून कळतं. इंग्लिशमध्ये त्यासाठी शब्दच वेगळे आहेत. एखादी गोष्ट त्या दिवसापर्यंत चालूच राहणार असेल तर अनटिल किंवा टिल, अर्थ एकच. आणि एखादी गोष्ट त्या दिवशी किंवा त्याच्या आधी कधीतरी एकदा होणार असेल तर बाय.

मुलांना मी एकच प्रश्न विचारायला लावायची, 'तोवर रोज चालू राहणार का?' तुम्ही ऑर्डर रोज घेत राहणार, म्हणून अनटिल. पार्सल रोज रोज थोडंच पोचत राहणार, ते एकदाच पोचणार, म्हणून बाय. म्हणजे झालं, "वी विल टेक ऑर्डर्स अनटिल २५ ऑक्टोबर. युवर फराळ विल रीच यू बाय ५ नोव्हेंबर." बंगळूरच्या ताईंनी टिल फ्रायडे वाचून जो अर्थ लावला तो इंग्लिशच्या हिशोबाने बरोबरच होता बघा.

असंच 'तीन दिवसांत' आणि 'तीन दिवसांनी' याचं. आपण तीन दिवसांत म्हणजे इन थ्री डेज लिहितो, पण वाचणारा बऱ्याचदा त्याचा अर्थ आजपासून तिसऱ्या दिवशी असा घेतो. तुम्हाला तीन दिवसांच्या आत म्हणायचं असेल तर विदिन थ्री डेज. आणि आफ्टर थ्री डेज लिहिलं तर तीन दिवस झाल्यावर पुढे कधीही. त्यातही तीन दिवस कधीपासून मोजायचे, ऑर्डर दिली तेव्हापासून की पैसे भरले तेव्हापासून, रविवार धरायचा की नाही, हे राहतंच. म्हणून मला विचाराल तर दिवस मोजायला लावूच नका, सरळ वार आणि तारीख लिहा. टुमॉरो सुद्धा नको, माणूस मेसेज दुसऱ्या दिवशी उघडतो आणि त्याचा टुमॉरो पुढे सरकतो.

डू द नीडफुल ही जुन्या कचेरीतल्या पत्रांची भाषा आहे, त्यातून नक्की काय करायचं ते कळतच नाही. घरी थांबायचं असेल तर "प्लीज कीप समवन ॲट होम", बस्स. रिव्हर्टचा इंग्लिशमध्ये मूळ अर्थ आधीच्या स्थितीला परत जाणं, उत्तर देणं हा अर्थ आपल्याकडेच जास्त चालतो. तिथे रिप्लाय लिहा. प्रीपोनही आपल्याकडचाच शब्द, भारतात सगळ्यांना कळतो, परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळेलच असं नाही, तिथे अर्लियर लिहिलेलं बरं.

पंचवटीकर

एक विचारू का, मराठी गिऱ्हाइकांना पण आता इंग्लिशच पाठवणार का? माझ्या आईला अशा मेसेजमधलं काही कळत नाही, ती मला फॉरवर्ड करते. ज्यांचं नाव पत्ता बघून कळतंय की मराठी आहेत त्यांना मराठीतच पाठवा की.

सातपूर_डिस्पॅच

ताई मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅच बघतो, १७ वर्षं झाली, आमचा माल म्हणजे मशीनचे पार्ट, तुमच्या चकलीसारखा मोडत नाही पण मेसेजच्या भानगडी अगदी सेम. मॅडमनी बाय आणि अनटिलचं मस्त सांगितलं, मी स्वतः इतकी वर्षं टिल लिहीत होतो, आज समजलं चेन्नईवाला दर वेळी फोन का करायचा.

त्यात एक ॲड करतो. अनटिल २५ ऑक्टोबर लिहिलं तरी लोक विचारतात २५ तारीख धरून की सोडून. आमच्याकडे यावरून वाद झालेत. म्हणून मी आता 'लास्ट डे' लिहितो, "द लास्ट डे टू ऑर्डर इज संडे, २५ ऑक्टोबर." यात दुसरा अर्थ निघतच नाही. आणि तारीख कधी आकड्यांत तिरकी रेघ मारून लिहू नका, ०५/११ आपल्यासाठी ५ नोव्हेंबर पण अमेरिकेत आधी महिना लिहितात, तिकडच्या माणसाला ते ११ मे वाटणार. तुमच्या गिऱ्हाइकांची मुलं तिकडून आईवडिलांसाठी ऑर्डर देत असतील तर हे होणारच. महिना अक्षरात लिहा आणि सोबत वार लिहा, वार आणि तारीख जुळली नाही तर समोरच्याला लगेच कळतं की टायपिंग चुकलंय आणि तो विचारतो.

आता आपल्या धंद्यातले शब्द. डिस्पॅच झालं म्हणजे आपल्या दारातून माल निघाला, एवढंच. पण गिऱ्हाइकाला वाटतं आज येतंय. मी सगळ्या स्टेप वेगळ्या लिहायला लागलो, पॅक झालं असेल तर पॅक्ड, कुरियरवाला घेऊन गेला की "द कुरियर पिक्ड इट अप ऑन मंडे", आणि त्यांच्या गावातून गाडीवर निघालं की मगच आउट फॉर डिलिव्हरी. आमच्याकडे एक नवीन पोरगा आउट ऑफ डिलिव्हरी लिहायचा, आउट ऑफ स्टॉकसारखं, आणि गिऱ्हाईक म्हणायचं तुम्ही डिलिव्हरी बंद केली का. एका फॉरचं ऑफ झालं की एवढं होतं.

सगळ्यात महागात पडलेलं सांगतो. ट्रान्सपोर्टने माल पाठवतो तेव्हा एलआरवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर, टू पे किंवा पेड असतं. टू पे म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं, हे आपल्याला पाठ आहे. आणि गोडाऊन डिलिव्हरी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनला माल उतरणार, तिथून पार्टीने स्वतः उचलायचा, घरपोच हवं तर डोअर डिलिव्हरी. मी एका नवीन पार्टीला लिहिलं, "मटेरियल डिस्पॅच्ड, टू पे, गोडाऊन डिलिव्हरी." त्यांनी वाचलं की त्यांच्या गोडाऊनला डिलिव्हरी आहे, आणि टू पे म्हणजे बिलाचे पैसे द्यायचेत जे त्यांनी आधीच भरले होते. चार दिवस माल ट्रान्सपोर्टकडे पडून, तिकडे त्यांची लाइन बंद, आणि ते लोक चिडून साहेबांशी बोलले. चूक माझी होती, कारण माझ्या मेसेजात कोणी काय करायचं हे एका शब्दाने पण नव्हतं. आता लिहितो, "प्लीज कलेक्ट द बॉक्सेस फ्रॉम द ट्रान्सपोर्टर्स ऑफिस. यू नीड टू पे द ट्रान्सपोर्टर फॉर फ्रेट. यू डू नॉट नीड टू पे अस एनीथिंग मोअर." लांब आहे, पण त्यानंतर त्या पार्टीचा चौकशीचा फोन आलेला नाही.

फराळघर_इंदिरानगर

मॅडम, दादा, खूप खूप आभार. 'तोवर रोज चालू राहणार का' हे मी किचनच्या फळीवर खडूने लिहूनच ठेवलंय. पंचवटीकर, मराठी लोकांना मराठीतच पाठवणार हो, त्याची काळजी करू नका.

आता हे बघा, नवीन मेसेज असा केलाय. "रिस्पेक्टेड मॅडम, काइंडली नोट दॅट द लास्ट डे टू ऑर्डर इज संडे, २५ ऑक्टोबर. युवर फराळ विल काइंडली रीच यू बाय थर्सडे, ५ नोव्हेंबर. काइंडली कीप समवन ॲट होम. एनी इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड." आणि उशीर झाला तर काय लिहायचं तेही सांगा ना, दिवाळीत कुरियरवाले वेळ पाळतीलच असं नसतं.

इंग्लिश_कॉलेजरोड

खूप सुधारलं ताई. फक्त काइंडली तीनदा आलंय, आणि मधलं "विल काइंडली रीच" म्हणजे फराळच दयाळूपणे पोचतोय असं होतं, ते काढा. असं का होतं तेही मला कळतं. आपल्याकडे या, घ्या, थांबा यातच मान असतो, 'ये' आणि 'या' मध्ये केवढा फरक. इंग्लिशमध्ये यू एकच, तू तुम्ही आपण सगळ्यांना तेच, त्यामुळे आपल्याला ते वाक्य उघडं उघडं वाटतं आणि आपण त्यावर रिस्पेक्टेड काइंडली घालत राहतो. एक प्लीज पुरे. त्यांचं नाव घालून डिअर लिहिलं तर ते जास्त आपुलकीचं वाटतं.

सातपूर_डिस्पॅच

मॅडम एक बोलू का, आमच्या साउथच्या आणि गुजरातच्या पार्ट्यांना डिअर सर, काइंडली याचीच सवय आहे, नुसतं प्लीज लिहिलं तर काहींना तुटक वाटतं. मी तरी पहिल्या ओळीत डिअर सर ठेवतो.

इंग्लिश_कॉलेजरोड

डिअर सरला माझी काहीच हरकत नाही हो, कंपनीच्या पत्राला ते शोभतं. पण ताईंच्या मेसेजात तीन गोष्टी आहेत, शेवटची तारीख, कधी पोचेल, आणि घरी कोणीतरी हवं. फोनच्या स्क्रीनवर पहिल्या दोन ओळीच आधी दिसतात. त्या दोन ओळी रिस्पेक्टेड मॅडम काइंडली नोट दॅट यातच गेल्या तर तारीख दिसणार कुठे?

नाशिकरोडकर

इनकन्व्हिनियन्स रिग्रेटेड वाचून आपलं नाशिकरोड स्टेशनच आठवलं. पण एक लक्षात घ्या, रेल्वेवाले ते शेवटी म्हणतात. आधी गाडी नंबर, नाव, कुठून कुठे जाणारी, किती मिनिटं उशिरा, आणि मग खेद. प्लॅटफॉर्मवर बसलेल्या माणसाला आधी किती मिनिटं ते हवं असतं, चहा घ्यायला वेळ आहे का नाही ते त्यावरून ठरतं. मी रोज अपडाऊन करतो म्हणून सांगतो, मिनिटं कळली की निम्मा राग तिथेच जातो. ताई तुम्ही पण उशिराच्या मेसेजला तोच क्रम ठेवा, काय उशिरा आहे, आता कधी येणार, मग सॉरी.

कुरियर_द्वारका

मी द्वारका सर्कलजवळ कुरियरच्या काउंटरला बसते. वरचं सगळं बरोबर आहे, त्यात आमच्या बाजूने थोडं.

हल्ली लोकांना पार्सलचे खोटे मेसेज खूप येतात. पोस्टाच्या नावाने फिरत होता तो तर बऱ्याच जणांना आला असेल, तुमचं पार्सल वेअरहाउसला आलंय, पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत लिंकवर जाऊन अपडेट करा नाहीतर परत जाईल. तो खोटा आहे असं पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती खात्याने, पण जाहीर केलं होतं. त्यामुळे आता खरा मेसेज पण लोक घाबरून उघडत नाहीत, किंवा डिलीटच करतात. मागच्या महिन्यात एक आजोबा काउंटरवर आले, मुलाने पाठवलेली औषधं तीन दिवस आमच्याकडे पडून होती, आम्ही पाठवलेला मेसेज त्यांनी फसवणूक समजून काढून टाकला होता. मेसेज वाचला तर त्यांचं बरोबर होतं, त्यात ना त्यांचं नाव होतं ना कोणी पाठवलं ते, नुसतं "युवर शिपमेंट इज ऑन होल्ड, ॲक्ट इमीजिएटली" आणि एक लिंक.

म्हणून ताई तुमच्या मेसेजमध्ये त्यांचं नाव, काय पाठवलंय ते आणि तुमचं नाव गाव नक्की टाका. 'चकली अँड अनारसे फ्रॉम नाशिक' असं लिहिलं की ज्याने ऑर्डर दिलीय त्याला लगेच ओळख पटते, फसवणारा असलं काही लिहू शकत नाही. लिंक शक्यतो नकोच, ट्रॅकिंग नंबर नुसता द्या. स्पीड पोस्टचा नंबर १३ अक्षरांचा असतो, पुढे दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन, तो कॉपी करूनच पाठवा, हाताने टाइप करू नका. अर्जंट, इमीजिएटली, लास्ट वॉर्निंग हे शब्द तर अजिबात नकोत.

आणि साधे एसएमएस पाठवत असाल तर इंग्लिश अक्षरांत एका मेसेजला १६० अक्षरं बसतात, मराठीत देवनागरीला फक्त ७०, पुढे गेलं की दोन मेसेजचे पैसे. त्यामुळे पंचवटीकरांनी म्हटल्यासारखं मराठीत पाठवायचं तर व्हॉट्सॲपच बरं. पण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, बाकीच्यांना जात नाही आणि आपल्याला ते कळत पण नाही. नवीन गिऱ्हाइकाला आधी नंबर सेव्ह करायला सांगा.

फराळघर_इंदिरानगर

अगं बाई, हे सेव्ह केलेल्या नंबरचं मला माहीतच नव्हतं. म्हणजे हैदराबादच्या दोघीतिघी म्हणायच्या मेसेज आलाच नाही ते खरं होतं, आणि मला वाटायचं त्यांनी बघितला नसेल. आज त्यांना फोन करून सांगते.

सगळं धरून आता असे केलेत दोन मेसेज, शेवटचं तपासून द्या.

पहिला, "डिअर लक्ष्मी, धिस इज फराळघर, नाशिक. द लास्ट डे टू ऑर्डर दिवाळी फराळ इज संडे, २५ ऑक्टोबर. इट विल रीच यू बाय थर्सडे, ५ नोव्हेंबर. प्लीज टेल अस इफ यू विल बी अवे फ्रॉम होम दॅट वीक." नाव आपलं उदाहरणाला घातलंय. शेवटची ओळ मी स्वतःहून घातली, बंगळूरच्या ताईंना मी हेच आधी विचारायला हवं होतं.

दुसरा उशिराचा, "डिअर लक्ष्मी, युवर चकली अँड अनारसे फ्रॉम फराळघर, नाशिक आर लेट. दे विल रीच यू बाय सॅटरडे, ७ नोव्हेंबर, नॉट थर्सडे, ५ नोव्हेंबर. वी आर सॉरी. इफ दॅट इज टू लेट फॉर यू, रिप्लाय कॅन्सल अँड वी विल रिटर्न युवर मनी."

इंग्लिश_कॉलेजरोड

दोन्ही छान. पहिल्यातली शेवटची ओळ तर अख्ख्या मेसेजात सगळ्यात चांगली आहे, ती अशीच राहू द्या. एकच बघा, "विल रीच यू बाय" हा शब्द दिल्यासारखं आहे. कोलकात्याला खरंच ५ तारखेच्या आत जाईल याची खात्री असेल तरच विल. कुरियरवर अवलंबून असेल तर "वी एक्सपेक्ट इट टू रीच यू बाय", म्हणजे आमचा अंदाज आहे. पुण्यासाठी विल, कोलकात्यासाठी एक्सपेक्ट असं चालेल.

कुरियर_द्वारका

कोलकात्याला एक्सपेक्टच लिहा ताई. आणि तिकडची पार्सलं २५ नंतर आणू नका, २० ते २२ च्या आत आणून दिलीत तर बरं. शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, खाली ठेवलेल्या डब्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

फराळघर_इंदिरानगर

मग लांबच्यांसाठी ऑर्डरची शेवटची तारीखच वेगळी करते, संडे, १८ ऑक्टोबर. चकल्या त्यांच्या आधी पाडू. मॅडम, मग "फॉर ऑर्डर्स टू कोलकाता, द लास्ट डे इज संडे, १८ ऑक्टोबर" असं चालेल ना?

इंग्लिश_कॉलेजरोड

चालेल. पाठवून द्या.